राजपत्र आणि दवंडी

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



‘कायद्याचे राज्य’ हा शब्दप्रयोग आज सर्वांच्याच तोंडी आहे. मंत्री तो वापरतात, पोलीस अधिकारी वापरतात, आणि ज्याच्या घरावर सकाळी बुलडोझर आला तो माणूसही हाच शब्द उच्चारीत न्यायालयाच्या पायऱ्या चढतो. इतक्या परस्परविरोधी हितसंबंधांच्या लोकांना जो शब्द सारखाच सोयीचा वाटतो, त्याच्या अर्थाविषयी शंका घेणे हे विद्यार्थ्याचे कामच आहे. डायसीने १८८५ साली या कल्पनेची जी मांडणी केली ती आपल्या विधी महाविद्यालयांतून अजून शिकविली जाते. कोणीही कायद्याहून मोठा नाही, कायद्याने ठरविलेल्या रीतीखेरीज कोणास शिक्षा नाही, इत्यादी. तिच्याविषयी मला आज काही म्हणावयाचे नाही. मी अर्थशास्त्र शिकविले, कायदा नव्हे. आणि अर्थशास्त्राच्या माणसाला एक वाईट खोड असते. कोणतीही उदात्त गोष्ट कानावर आली की तिचा खर्च कोण सोसतो, असे तो विचारतो. कायदा माणसाच्या कानापर्यंत पोचविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, एवढाच माझा आजचा प्रश्न आहे.

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. ‘कायद्याचे अज्ञान हा बचाव होऊ शकत नाही’ हे सूत्र आपण सारे जाणतो. ते नसेल तर न्यायालये चालणार नाहीत हेही खरे; प्रत्येक आरोपी ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणून मोकळा होईल. परंतु या सूत्राच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. कायदा जाणून घेणे त्या माणसाला शक्य होते, असे ते गृहीत होय. शक्य करून देण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी सूत्र मौन पाळते. बेंथॅम हा आमच्या शास्त्राचाही एक पूर्वज. इंग्लंडातील न्यायाधीशांच्या निवाड्यांतून बनणाऱ्या कायद्याविषयी त्याने १७९२ साली लिहिताना कुत्र्याचे उदाहरण दिले होते. माणूस आपल्या कुत्र्यासाठी कायदा कसा करतो? कुत्र्याने नको ते करीपर्यंत वाट पाहतो, आणि मग त्याला बडवतो. त्याला आधी सांगण्याची सोयच नसते. कुत्र्याला सांगता येत नाही हे समजण्यासारखे आहे. नागरिकाला का सांगता येऊ नये?

लेखन सार्वत्रिक होण्यापूर्वी, छपाई आणि नभोवाणी यांच्या फार पूर्वी, माणसांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला होता. त्यांनी कोणती साधने वापरली हे पाहणे म्हणजे केवळ पुराणवस्तूंचे कौतुक नव्हे. आपण पुढे आलो की मागे गेलो, याचा थोडा हिशेब त्यातून लागतो.

आपल्याच भूमीतील सर्वांत मोठे उदाहरण अशोकाचे. त्याचे शिलालेख आपण शाळेत धर्मप्रसाराचे साधन म्हणून शिकतो. ते शासनाचे साधनही होते, आणि ते ‘लेख’ असले तरी मुख्यतः वाचण्यासाठी नव्हते, ऐकण्यासाठी होते. ओरिसात भुवनेश्वरजवळ धौली येथे जो स्वतंत्र कलिंग-लेख आहे, तो तोसलीच्या महामात्रांना, म्हणजे नगरात न्यायदान करणाऱ्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. कलिंगाचा संहार जेथे झाला त्या प्रदेशात त्या युद्धाचे वर्णन करणारा तेरावा लेख अशोकाने कोरविला नाही. त्या जागी हा लेख कोरविला. त्यात काय आहे? विनाकारण कोणाला बंधनात टाकले जाऊ नये, विनाकारण कोणाचा छळ होऊ नये, हे अधिकाऱ्यांनी सतत पाहिले पाहिजे; मत्सर, क्रोध, निष्ठुरता, उतावीळपणा, आळस हे दोष न्याय करणाऱ्याने टाळले पाहिजेत. आणि पुढे एक व्यावहारिक सूचना आहे, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चार चार महिन्यांच्या प्रत्येक ऋतूत तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख ऐकविला जावा. मधल्या काळातही प्रसंग पडल्यास तो ऐकविला जावा, एकच माणूस ऐकणारा असला तरी.

एकच माणूस असला तरी! दोन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका सम्राटाने अधिकाऱ्यांवर घातलेले बंधन त्या अधिकाऱ्यांच्या कचेरीत ठेवले नाही, ज्यांच्यावर ते अधिकार चालविणार होते त्यांच्या कानांवर वर्षातून निदान तीनदा घालण्याची व्यवस्था केली. प्रजेला आपल्या अधिकाऱ्याच्या मर्यादा पाठ असाव्यात, ही त्यातील कल्पना. दर पाच वर्षांनी तपासणीसाठी अधिकारी दौऱ्यावर निघेल, उज्जयिनी व तक्षशिला येथून तर तीन वर्षांच्या आतच निघेल, हेही तेथेच सांगितले आहे. भाषेचा विचार तर आजच्या शासनाने शिकावा असा. वायव्येकडे लेख खरोष्ठी लिपीत. कंदाहारला १९५८ साली सापडलेला लेख ग्रीक आणि अरमाइक या दोन भाषांत. जो ऐकणार आहे त्याची भाषा ही राजाने शिकावयाची, हा न्याय. आपल्याकडे सोपाऱ्याला १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना आठव्या लेखाचा तुकडा सापडला आणि १९५६ साली नवव्याचा. म्हणजे कोकणच्या या बंदरातही, जहाजांतून उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या माणसांच्या वाटेवर, राजाचे म्हणणे उभे होते.

अशोकाला आदर्श लोकशाहीवादी ठरविण्याचा माझा हेतू नाही. त्याचे राज्य हे साम्राज्य होते, आणि अटवीतील लोकांना त्याने दिलेली धमकीही त्याच लेखांत आहे. मुद्दा साधनाचा आहे. आणि साधनाची मर्यादाही इतिहासाने दाखवून दिली. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीला आणविले, तेव्हा त्यांवरचे अक्षर वाचू शकणारा कोणीही पंडित त्याला सापडला नाही. १८३७ साली प्रिन्सेपने लिपी उलगडीपर्यंत तो दगड मुका होता. ऐकविण्याची परंपरा तुटली की कोरलेले अक्षरही उपयोगाचे राहत नाही.

रोमचा इतिहास याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. तेथे कायदा ठाऊक असणे ही उच्चकुलीन पुरोहितांची मिरास होती. इ. स. पूर्व ४५१-४५० च्या सुमारास सामान्यांच्या रेट्यामुळे बारा तक्ते तयार झाले, आणि सिसेरोच्या बालपणापर्यंत रोमची मुले ते तोंडपाठ करीत. तरीही दावा कोणत्या दिवशी लावता येतो आणि कोणत्या ठराविक शब्दांनी लावावा लागतो हे पुरोहितांच्याच मुठीत राहिले. कायदा जाहीर, परंतु त्याचा दरवाजा कोठे आहे ते गुप्त! इ. स. पूर्व ३०४ मध्ये नीयस फ्लाव्हियस नावाच्या एका कारकुनाने, जो मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा होता, ते दिनदर्शक पांढऱ्या फळ्यांवर लिहून भर चौकात लावून टाकले. उच्चकुलीनांना त्याचा फार संताप आला, असे रोमचे इतिहासकार सांगतात. माहितीच्या अधिकारासाठी झगडणाऱ्यांनी या कारकुनाची आठवण ठेवावयास हरकत नाही. पुढे साम्राज्य आले आणि कॅलिग्युलाने नवे कर बसविले. ते लेखी जाहीर झाले नव्हते, म्हणून लोक नकळत गुन्हेगार ठरू लागले. लोकांनी फार ओरड केली तेव्हा त्याने कायदा लावला खरा, परंतु अतिशय बारीक अक्षरांत आणि अडचणीच्या जागी, कोणाला उतरून घेता येऊ नये असा. हे स्वेटोनियसने लिहून ठेवले आहे. कर्जाच्या करारपत्रावरील बारीक टाइप ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा सम्राट अपरिचित वाटणार नाही.

उत्तरेकडील लहान समाजांनी मात्र स्मरणशक्तीवरच कायदा सांभाळला. आइसलंडमध्ये ९३० च्या सुमारास जी लोकसभा सुरू झाली, तिचा ‘कायदा सांगणारा’ हा एक निवडलेला अधिकारी असे. दर उन्हाळ्यात जमलेल्या लोकांपुढे त्याने एकतृतीयांश कायदा तोंडी म्हणावयाचा, तीन वर्षांत सारा कायदा पुरा करावयाचा. आयर्लंड आणि इंग्लंड यांच्यामधील आयल ऑफ मॅन या बेटावर तर आजही ५ जुलैला टेकडीवर सभा भरते आणि वर्षभरात संमत झालेले कायदे, निदान त्यांचे सार, मँक्स व इंग्रजी या दोन भाषांत वाचून दाखविले जाते. जो कायदा संमतीनंतर अठरा महिन्यांत असा जाहीर झाला नाही, तो आपोआप रद्द. ही शिक्षा पाहा. न ऐकणाऱ्या नागरिकाला नव्हे; न सांगणाऱ्या शासनाला.

आता आपल्या गावात येऊ. आपले साधन दवंडी. ती पिटणारा बहुधा महार वतनदार, गावचा वेसकर. सरकारी हुकूम असो, सारावसुली असो की गावसभा, वेशीपासून सुरुवात करून तो गल्लोगल्ली ओरडत जाई. दवंडीविषयी जुन्या गावगाड्याची गोडवी गाणारे पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यापैकी नाही. साऱ्या गावाला कायदा ऐकविणाऱ्या या माणसाला त्याच गावाच्या पाणवठ्यावर पाणी भरण्याची मुभा नव्हती. त्याची हाक सर्वांच्या घरात शिरत होती, तो स्वतः उंबऱ्याबाहेर. ज्या वतनाच्या तुकड्यासाठी हे सारे राबणे होते, त्या वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते, हे येथे सांगितले पाहिजे.

याच संदर्भात महाडकडे पाहिले म्हणजे कायदा आणि त्याचे ‘पोचणे’ यांतील अंतर जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही ग्रंथात दिसत नाही. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यानुसार चवदार तळे खुले असल्याचा ठरावही केला. कागद पूर्ण झाला. तळे होते तेथेच होते आणि अस्पृश्य होते तेथेच होते. गावाच्या प्रत्येक हुकमाची दवंडी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पिटली, त्यांच्या हक्काची दवंडी पिटण्यास मात्र कोणी आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्या मागे हजारो माणसे तळ्याकडे चालत गेली व ओंजळीने पाणी प्याली, तेव्हा तो ठराव प्रथमच जाहीर झाला असे मी समजतो. तो इतका स्पष्ट ऐकू गेला की त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! कपाटातील कायदा कोणाला टोचत नव्हता, उच्चारलेला टोचला. पुढे उच्च न्यायालयाचा अनुकूल निर्णय यावयास १९३७ साल उजाडले.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न फार लवकर आला. जयपूर संस्थानच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली बंद दाराआड ठराव करून अफूसंबंधी एक कायदा ‘केला’. तो राजपत्रात छापला नाही, अन्य रीतीने जाहीर केला नाही. या कायद्याखाली पुढे हरला नावाच्या इसमास पन्नास रुपये दंड झाला. रक्कम क्षुल्लक, परंतु प्रकरण दिल्लीपर्यंत गेले आणि १९५१ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल लिहिला. हे गृहस्थ नागपूरच्या उच्च न्यायालयातून तेथे गेले होते. कायदा अंमलात येण्यापूर्वी तो ओळखू येईल अशा कोणत्यातरी रीतीने प्रसिद्ध झालाच पाहिजे, ही नैसर्गिक न्यायाची अट आहे. लोकांना प्रवेश नसलेल्या खोलीत झालेल्या ठरावाने त्यांचे जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता बांधली जावी ही कल्पनाच सुसंस्कृत माणसाला घृणास्पद आहे, असा त्या निकालाचा आशय. हरलाची शिक्षा रद्द झाली. ज्या देशात घटना लागू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती, त्या देशाच्या न्यायालयाने हे सांगावे, याचा मला अजून अभिमान वाटतो.

तथापि पुढची पायरी पाहा. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर १९६२ मध्ये परदेशी जाणाऱ्या विमानातील सोन्याविषयी नवी अधिसूचना काढली. ती २४ तारखेस राजपत्रात आली. २७ तारखेस झुरिचहून मनिलाला निघालेला एक प्रवासी दुसऱ्या दिवशी सकाळी सांताक्रूझला विमानातच बसून होता. त्याच्या जाकिटात चौतीस किलो सोने सापडले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडले. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने दोषी ठरविले. राजपत्रात प्रसिद्धी झाली, एवढे पुरे. ती परदेशातील माणसाला कळली की नाही हा प्रश्नच नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचा निकाल भिन्न होता. सोन्याची चोरटी ने-आण करणाऱ्याविषयी मला कळवळा नाही. परंतु तत्त्व काय ठरले? १९५१ साली ‘ओळखू येईल अशी रीत’ हवी होती. तेथून आपण ‘राजपत्रात छापले म्हणजे सांगितले’ येथवर आलो. आणि हे तत्त्व झुरिचच्या प्रवाशाला जितके लागू, तितकेच धडगावच्या भिल्लाला आणि मेळघाटच्या कोरकूला. त्यांच्यासाठी राजपत्र झुरिचपेक्षा जवळ आहे असे कोण म्हणेल?

आमच्या कायद्यांतून दवंडी नाहीशी झालेली नाही, हे मात्र मुद्दाम सांगावयाचे आहे. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता उघडा. आदेश २१, नियम ५४. स्थावर मालमत्तेची जप्ती करावयाची असेल तर तो हुकूम त्या मालमत्तेच्या ठिकाणी वा तिच्या शेजारी ढोल वाजवून किंवा अन्य रूढ रीतीने जाहीर करावा, आणि त्याची प्रत ठळक जागी लावावी. म्हणजे शासनाला ढोल वाजविता येतो. तो कशासाठी वाजतो, एवढाच प्रश्न आहे. कर्ज देणाराचा हक्क असेल तर ढोल. कसणाराचा हक्क असेल तर राजपत्र. जप्ती गर्जून येते, सवलत कुजबुजत येते. १८७५ साली पुणे-नगर भागात सावकारांची खते जाळणाऱ्या कुणब्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाला हेच आढळले होते. दावे बहुतेक एकतर्फी निकालात निघत. आपल्यावर दावा झाला हे कुणब्याला कळे ते जप्ती दाराशी आल्यावर. म्हणून १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्याचे कर्जरोखे गावच्या निबंधकासमोरच लिहिले जावेत अशी तरतूद केली. परक्या सरकारला दंगलीनंतर का होईना, इतके समजले. आमच्या भूसंपादन कायद्याला मात्र, १८९४ चा तो कायदा स्थानिक वर्तमानपत्रात सूचना छापण्याची सक्ती करू लागला, तोवर १९८४ साल आले होते. आणि ग्रामसभेत माहिती द्यावी हे सांगावयास २०१३.

एक विषयांतर करतो. निरक्षर समाजही कायदा आपल्या पद्धतीने लक्षात ठेवतो, याचे गमतीदार उदाहरण म्हणजे कलमांचे आकडे. ‘चारशेवीस’ हा शब्द समजण्यासाठी भारतीय दंड संहिता वाचावी लागत नसे, आणि ‘तीनशे दोन’ म्हणजे काय हे तमाशातला सोंगाड्याही सांगे. दीड शतकात झिरपलेले हे लोकशिक्षण होते. १ जुलै २०२४ पासून खून कलम १०३ मध्ये गेला आहे आणि फसवणूक ३१८ मध्ये. नवे कायदे करूच नयेत असे मी म्हणत नाही. ज्या अधिवेशनात ही तीन विधेयके संमत झाली त्यात विरोधी पक्षांचे १४६ खासदार निलंबित होते, याची मात्र नोंद करून ठेवतो. नवा आकडा लोकांच्या जिभेवर बसावयास किती वर्षे लागतील, याचा अंदाज त्या घाईत कोणी केला असेल असे दिसत नाही.

सांगणे आणि केवळ घोषणा करणे, यांत फरक आहे. तो न ओळखल्यास माझे सारे विवेचन हुकूमशहाच्या ध्वनिक्षेपकाचे समर्थन ठरेल. आधुनिक साधनांनी घोषणा फार सोपी केली आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरचित्रवाणीवर आले आणि मध्यरात्रीपासून पाचशे व हजाराच्या नोटा, मूल्याने देशातील सुमारे ८६ टक्के चलन, व्यवहारातून बाद झाल्या. २४ मार्च २०२० रोजी पुन्हा रात्री आठ, पुन्हा मध्यरात्र. या वेळी देशच बंद. प्रसिद्धीच्या दृष्टीने या दोन्ही घोषणांना तोड नाही. अशोकाला जमले नसते ते एका तासात झाले. परंतु ऐकणाऱ्याला उलट काही विचारण्याची सोय नव्हती. माझी मजुरी उद्या कोण देईल, गावी कसे जाऊ, मुलीच्या लग्नासाठी साठविलेल्या नोटांचे काय, हे विचारण्याची जागा कोठे होती? पुढील पन्नास दिवस नोटांसंबंधीचे नियम वारंवार बदलत राहिले आणि बँकेच्या रांगेत उभा असलेला माणूस प्रत्येक बदलाला एक दिवस उशीर करीत राहिला. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निर्णय वैध ठरविला. हे काम संसदेच्या कायद्याने व्हावयास हवे होते, असे न्यायमूर्ती नागरत्ना यांनी भिन्न निकालात नोंदविले. टाळेबंदीत ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबादजवळ, आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, करमाडला सोळा मजूर मालगाडीखाली मेले. जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे लोक ते. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने रुळांवरच निजले होते. घोषणेचा निम्मा भाग त्यांच्यापर्यंत पोचला होता.

मौनाचे राज्य याहून वाईट, हे आपल्या पिढीला सांगावयास नको. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतील वृत्तपत्रांची वीज तोडली गेली. ‘मिसा’ कायद्यात अशी दुरुस्ती झाली की स्थानबद्धाला त्याच्या अटकेचे कारणही सांगणे नको. आणि २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींना यात काही अडचण दिसली नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना वेगळे उभे राहिले. कारण न सांगता माणसाला धरून नेणे, ही कायद्याच्या राज्याची नेमकी उलट बाजू. म्हणून मधू लिमये यांच्या १९६८ च्या खटल्याचे महत्त्व मला नेहमी फार वाटत आले. ६ नोव्हेंबरला बिहारमधील लखीसराय स्थानकावर त्यांना सहकाऱ्यांसह अटक झाली. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाला सरळ पत्र लिहिले, पुढे स्वतःच बाजू मांडली. आम्हांला का धरले हे सांगितले नाही, घटनेच्या बाविसाव्या अनुच्छेदाचा भंग झाला, एवढाच निर्णायक मुद्दा. आणि त्या मुद्द्यावर ते सुटले. त्याआधी १९६२ मध्ये महाराष्ट्रातील एका स्थानबद्धाला चौदा टंकलिखित पानांची कारणे इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हते. त्याने हिंदी प्रत मागितली. इंग्रजी हीच अजून राजभाषा आहे, असे उत्तर मिळाले. न समजणाऱ्या भाषेत दिलेले कारण हे दिलेच नाही, असे सांगून न्यायालयाने त्याला मुक्त केले. डॉ. लोहिया ज्या भाषेच्या प्रश्नावर आयुष्यभर बोलत राहिले तो प्रश्न अस्मितेचा कमी आणि तुरुंगाच्या दाराचा अधिक होता, हे या एका निकालावरून ध्यानी यावे. महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की कोणत्याही गुन्ह्यातील अटकेची कारणे त्या माणसाला समजणाऱ्या भाषेत लेखी दिलीच पाहिजेत. घटना लागू झाली १९५० साली. पंचाहत्तर वर्षांनी आपण कोठे आहोत ते यावरून पाहावे.

निराश होण्याचे मला कारण दिसत नाही, कारण जुने साधन नव्या हातांत किती धारदार होते ते आपण पाहिले आहे. राजस्थानात २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई भरविली. केले काय? सरकारी कामांवरची हजेरीपत्रके गावापुढे मोठ्याने वाचली. नाव वाचले की लोक सांगत, हा कामावर नव्हताच. हा तर गाव सोडून गेला. कागद वर्षानुवर्षे दप्तरात होते, त्यांत कोणाला काही दिसत नव्हते. ज्या माणसांविषयी ते होते त्यांच्यासमोर उच्चारल्याबरोबर ते खोटे ठरले. माहितीचा अधिकार दिल्लीत २००५ साली आला असला तरी त्याचा उगम अशा उघड्या मंडपांत आहे. २०१३ साली नियमगिरीच्या डोंगरातील बारा ग्रामसभांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार भरून, खाणीला एकामागून एक नकार दिला. तेथे सांगणारा होता, ऐकणारे होते, आणि ऐकणाऱ्यांच्या उत्तराला कायद्याचे बळ होते. तिन्ही गोष्टी एकत्र येण्याचे असे प्रसंग थोडे, पण आहेत.

मोबाइल आल्यावर हे सारे कालबाह्य झाले असे मला नेहमी सांगण्यात येते. राजपत्र आता संगणकावर कोणालाही पाहता येते, हे खरे आहे. परंतु कोठे शोधावे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते सापडते. न्यायालये बसण्याचे दिवस ठाऊक असलेल्या रोमन पुरोहितासारखे. आणि खुद्द शासनयंत्रणेच्या आतही ते पोचत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली रद्द केले. तरी पोलीस ठाण्यांतून त्याखाली गुन्हे नोंदविले जातच होते, आणि २०२१ साली न्यायालयाने त्यावर धक्का बसल्याचे बोलून दाखविले. ठाणेदाराला रद्द झालेला कायदा सहा वर्षांत कळला नाही तर चालते. नागरिकाला नवा कायदा मध्यरात्रीपर्यंत कळला नाही तर तो गुन्हेगार होतो.

माझी सूचना साधी आहे. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरविण्याची पद्धत आहे. अशोकाच्या तिष्य दिवसांहून एक दिवस अधिकच. जमीन, जंगल, मजुरी, शिधा आणि अटक यांच्याशी संबंध असलेला प्रत्येक नवा कायदा, नियम वा त्यातील बदल यांपैकी पुढच्या सभेत वाचून दाखविला जावा. मराठीत, आणि जेथे गोंडी, कोरकू, भिली, वारली बोलली जाते तेथे त्या बोलीत. सभेने विचारलेले प्रश्न इतिवृत्तात लिहिले जावेत आणि खात्याने त्यांना लेखी उत्तर द्यावे. या वाचनाशिवाय त्या गावात त्या कायद्यातील शिक्षेची कलमे लागू होऊ नयेत. शहरांतील वस्त्यांसाठी प्रभागसभेचा असाच उपयोग करता येईल. तेथे अडचणी अधिक आहेत, त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल. साथीचा रोग, पूर यांसारख्या प्रसंगी अपवाद लागेल, आणि तो किती दिवसांचा हे आधी ठरवावे लागेल. भाषांतर करणारे आणि वाचून दाखविणारे यांना मोबदला द्यावा लागेल, आणि ते काम कोणा एका जातीच्या गळ्यात पुन्हा अडकविता येणार नाही. पैसा कोठून आणावयाचा, हे अर्थखाते विचारील. विधेयकाला वित्तीय ज्ञापन जोडण्याची पद्धत आहेच. कायदा लोकांना सांगण्यास किती खर्च येईल, ही एक ओळ त्यात वाढवावी.